धर्म, प्रीती आणि इतिहास : एका कादंबरीचे वाचन



गावच्या वाचनालयात गेलात तर कोपरे दुमडलेली, शिवण उसवलेली पुस्तके कोणती दिसतात? बहुधा ऐतिहासिक कादंबऱ्या. या प्रकाराची आवड आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. ती १८७१ सालची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहिली, नाथमाधवांनी लिहिले, आणि पिढ्यान् पिढ्या माणसांनी ही पुस्तके कंदिलाच्या उजेडात वाचून काढली. त्यातून आपल्याला एक सवयही लागली. कादंबरीत वाचले ते घडलेच असणार, असे आपण धरून चालतो. पारावर वाद निघाला की कोणीतरी ठासून सांगतो, "अहो, पुस्तकात वाचलंय मी!" ते पुस्तक बखर होते, इतिहास होता की कादंबरी होती, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आज तुमच्यापुढे मांडायचा विषय दूरच्या मुलखातला आहे, पण तो या सवयीशी जोडलेला आहे. इंग्रज लोक सतराव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन वसले. तेव्हापासून १७७६ साली त्या वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले तोवरचा काळ, त्याला तिकडे वसाहतकाळ म्हणतात. या काळावर अमेरिकेत आजही कादंबऱ्या निघतात आणि त्यांतला एक मोठा वर्ग ख्रिस्ती प्रेमकथांचा असतो. अशा कादंबऱ्या वाचाव्यात का, आणि वाचायच्या तर कशा, एवढेच आज बघू.

आधी या पुस्तकांचा साचा सांगतो. एक तरुणी असते. ती संकटात सापडते. बाप वारतो, घरदार जाते किंवा मन मोडते. नवी वस्ती, भोवती रान, थंडीवारा. एक पुरुष भेटतो. तो बहुधा अबोल असतो आणि त्याच्याही मनात जुनी जखम असते. दोघांची श्रद्धा डळमळते, परीक्षा होते, प्रार्थनेने सावरते आणि शेवट लग्नाने होतो. शृंगाराची वर्णने सहसा नसतात, त्यामुळे आईने वाचून मुलीच्या हाती द्यावी अशी ही पुस्तके. १९७९ साली जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी निघाली. ती वसाहतकाळाची नव्हे, पुढे पश्चिमेच्या कुरणांत वसलेल्या लोकांची. पण ती अतोनात खपली आणि ख्रिस्ती प्रेमकथांना प्रकाशकांचे दार मोकळे झाले. वसाहतकाळावर लिहिणाऱ्या आजच्या लेखिकांत लॉरा फ्रँट्झ यांचे नाव घेता येईल. त्यांची 'द लेसमेकर' २०१८ साली आली. व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी विल्यम्सबर्ग, साल १७७५, नायिका राजनिष्ठ अधिकाऱ्याची मुलगी आणि नायक स्वातंत्र्यवादी, अशी तिची मांडणी आहे.

आता कोणी म्हणेल, साचा ठरलेला, शेवट ठरलेला, मग वाचायचे काय? पण साचा असतो म्हणून आपण कीर्तन ऐकायचे सोडतो का? पूर्वरंगात काय येणार, उत्तररंगात काय येणार, हे श्रोत्याला ठाऊकच असते. तरी तो मांडी घालून बसतो. साच्यात ओतलेले द्रव्य काय आहे, याला महत्त्व. म्हणून या जातीच्या कादंबऱ्यांतली जी थोरली, जिच्या सावलीत बाकीच्या वाढल्या असे म्हणता येईल, तिच्याकडे वळू.

ती म्हणजे नॅथॅनियल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर'. मराठीत तिला 'किरमिजी अक्षर' म्हणू. ती १८५० च्या मार्चमध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झाली. हॉथॉर्न काही धर्मोपदेशक नव्हता आणि ही कथा लग्नाने संपतही नाही. पण पाप, कबुली, प्रायश्चित्त आणि क्षमा या ख्रिस्ती विचारांच्या चौकटीतच ती उभी आहे. तिच्या मुखपृष्ठावर लेखकाने 'रोमान्स' असा शब्द छापला. त्या काळी त्याचा अर्थ निव्वळ प्रेमकथा असा नव्हता. आपले जुने टीकाकार जिला अद्भुतरम्य कथा म्हणत, तसा काहीसा तो अर्थ होता. म्हणजे लेखकाने दारातच पाटी लावली होती : बाबांनो, हा इतिहास नव्हे.

कथा थोडक्यात अशी. साल सुमारे १६४२. बॉस्टन गाव वसून बारा वर्षे झालेली. तिथले लोक प्युरिटन पंथाचे. बायबल हाच कायदा मानणारे, कडक, कष्टाळू. बाजाराच्या चौकात एक लाकडी चौथरा आहे. तुरुंगाचे दार उघडते आणि हेस्टर प्रिन नावाची तरुण बाई बाहेर येते. कडेवर तीन महिन्यांचे मूल आणि छातीवर लाल कापडाचे, सोनेरी धाग्याने भरलेले 'ए' हे अक्षर. व्यभिचाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचे ते आद्याक्षर. तिचा वयस्क नवरा तिला पुढे पाठवून मागे राहिला आणि दोन वर्षे त्याचा पत्ता नाही. मूल दुसऱ्याचे. तीन तास चव्हाट्यावर उभे राहायचे आणि ते अक्षर जन्मभर वागवायचे, अशी तिला शिक्षा. मुलाचा बाप कोण, असे तिला वरचेवर विचारतात. ती सांगत नाही. आणि विचारणाऱ्यांत गावचा तरुण, लाडका पाद्री डिम्सडेल हाही असतो. तोच त्या मुलाचा बाप.

गर्दीत आणखी एक जण उभा असतो. तिचा नवरा. तो परत आला आहे. तो नाव बदलतो, चिलिंगवर्थ म्हणवतो, वैद्य म्हणून पाद्र्याच्या घरात शिरतो आणि औषध देता देता त्याचे मन कुरतडत राहतो. सात वर्षे असे चालते. हेस्टर गावाबाहेर समुद्राकाठी झोपडीत राहते, शिवणकाम करते. तिच्या हातची कशिदाकारी गव्हर्नरच्या अंगरख्यावर चालते, मेलेल्याच्या कफनावर चालते, पण नवरीच्या पदरासाठी तिला कोणी बोलावत नाही! आजाऱ्यांची शुश्रूषा, गरिबांना अन्न, हे ती मुकाट्याने करीत राहते. हळूहळू लोकच त्या अक्षराचा अर्थ बदलतात. 'ए' म्हणजे कर्तबगार, असे म्हणू लागतात. आणि ज्याने लपवले तो पाद्री आतून पोखरत जातो. शेवटी सणाच्या दिवशी, मोठे प्रवचन संपवून, तो त्याच चौथऱ्यावर चढतो, सर्वांदेखत कबुली देतो आणि तिथेच प्राण सोडतो.

श्रोतेहो, ही गोष्ट वाचताना मनाला धरते. पण इथेच आपण जरा सावध व्हायचे. यात घडलेले किती आणि घडवलेले किती?

पुस्तकाच्या आरंभी एक लांबलचक प्रकरण आहे. त्यात लेखक सांगतो की, सेलम गावच्या कस्टम कचेरीत नोकरीला असताना त्याला माडीवर जुन्या कागदांत ते लाल कापडी अक्षर सापडले. हॉथॉर्नची ती नोकरी खरी, १८४६ ते १८४९. नोकरी गेली हेही खरे. पण अक्षर सापडणे ही कल्पना. आपल्याकडे गोष्ट सांगणारा "माझ्या आज्याने डोळ्यांनी बघितलेलं" म्हणतो ना, तशातली ही युक्ती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या १६४१ च्या कायद्यात व्यभिचाराला मृत्युदंड लिहिलेला होता आणि १६४४ साली एका पुरुषाला व एका स्त्रीला त्यासाठी खरोखर फाशी दिले गेले. अंगरख्यावर अक्षर शिवण्याची शिक्षाही खरी, पण ती शेजारच्या प्लिमथ वसाहतीच्या १६५८ च्या कायद्यातली. मॅसॅच्युसेट्समध्ये ती आली १६९४ साली. म्हणजे कथेच्या कालानंतर निम्म्या शतकाने. गव्हर्नर विन्थ्रॉप वारला १६४९ च्या मार्चमध्ये. कादंबरीत ती रात्र मे महिन्यात आणली आहे. लेखकाने वस्त्र खऱ्या सुताचे विणले, पण वीण स्वतःची घातली.

मग हे खोटे म्हणून पुस्तक बाजूला ठेवायचे? मुळीच नाही. इतिहास काय घडले ते सांगतो. ते घडताना माणसाच्या पोटात काय कालवले, ते कादंबरी सांगते. दोन्ही हवेत, पण एकाचे काम दुसऱ्याकडे द्यायचे नाही. शिक्षकांनी वर्गात हा फरक एकदा उदाहरणाने दाखवला, तर मुले 'उषःकाल'ही अधिक समजून वाचतील.

दुसरी गोष्ट बघायची ती लिहिणाऱ्याची. हॉथॉर्न जन्मला १८०४ साली, सेलमलाच. त्याचा एक पूर्वज वसाहतीत क्वेकर पंथीयांना छळण्यात पुढे होता. दुसरा पूर्वज, जॉन हॅथॉर्न, हा १६९२ च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीशांपैकी होता. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाले आणि एका वृद्धाला अंगावर दगड रचून मारले. घराण्याची ही सल लेखकाने मनात वागवली. म्हणून त्याने चौथऱ्यावर उभ्या असलेल्या बाईची बाजू धरली. आजोबा-पणजोबांच्या पराक्रमावर कादंबरी लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या अन्यायावर लिहायला छाती लागते.

पण प्युरिटन म्हणजे निव्वळ दुष्ट असेही समजू नका. याच लोकांनी वस्ती करून सहा वर्षे होतात न होतात तोच, १६३६ साली, हार्वर्ड महाविद्यालय स्थापले. १६४७ साली त्यांनी कायदा केला की, ५० घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा आणि १०० घरांच्या गावाने व्याकरणशाळा काढावी. हेतू असा की, प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता यावे. एका हाताने शाळा बांधणारी आणि दुसऱ्या हाताने बाईच्या छातीवर अक्षर शिवणारी ही एकच माणसे होती. चांगली कादंबरी हे दोन्ही हात दाखवते. हलकी कादंबरी एकच दाखवते आणि आपल्याला खूश करून घरी पाठवते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पानाच्या कडेला कोण उभे आहे, ते बघा. ज्या भूमीवर ही वस्ती झाली तिथे आधीपासून माणसे राहत होती. १६१६ ते १६१९ या वर्षांत किनाऱ्यावर रोगाची मोठी साथ आली आणि मूळ रहिवाशांची गावेच्या गावे ओस पडली. पुढे १६३६ पासून पीकॉट लोकांशी लढाई झाली. १६७५-७६ ला मेटाकॉम या मूळ रहिवाशांच्या पुढाऱ्याबरोबर मोठे युद्ध पेटले. 'किरमिजी अक्षर'मध्ये हे लोक कुठे आहेत? चिलिंगवर्थ त्यांच्याकडून झाडपाल्याची औषधे शिकतो. पाद्री, त्यांच्यात धर्मप्रसार करणाऱ्या जॉन एलियटला भेटून येत असतो. हा एलियट खराखुरा. त्याने मॅसॅच्युसेट लोकांच्या भाषेत बायबल उतरवले आणि ते १६६३ साली छापले. त्या वसाहतींत छापलेले पहिले संपूर्ण बायबल ते हेच. आणि शेवटच्या प्रसंगी सणाच्या गर्दीत ते लोक एका बाजूला उभे दिसतात. बस्स, एवढेच. गव्हर्नरच्या घराचे दार उघडणारा गडी जन्माने स्वतंत्र इंग्रज, पण सात वर्षे करारावर बांधलेला. तो एका वाक्यात येतो नि जातो. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसे १६३८ सालीच मॅसॅच्युसेट्समध्ये उतरवली गेली होती. तीही कथेत समोर येत नाहीत.

विल्यम्सबर्गची गोष्टही अशीच. १७७५ च्या सुमारास त्या गावातली जवळजवळ निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती आणि त्यांतले बहुतेक गुलाम. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर डनमोरने जाहीर केले की, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील त्यांना मोकळे करू. म्हणजे स्वातंत्र्याची भाषा बोलणारा मालक एका बाजूला आणि त्याच्याच घरातून स्वातंत्र्यासाठी पळणारा गुलाम दुसऱ्या बाजूला! त्या काळावरची कोणतीही प्रेमकथा हाती आली की, नायिकेचे कपडे धुणारी बाई कोण, तिला वेतन मिळते का, तिला तिच्या मनासारखे लग्न करता येईल का, एवढे तरी मनाशी विचारावे. त्याने पुस्तकाची गोडी कमी होत नाही. वाचक मात्र शहाणा होतो.

धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेली कादंबरी म्हणून काही जण नाक मुरडतील. त्यांना आपल्याच घरातले उदाहरण देतो. मराठी कादंबरीच्या आरंभाला बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' उभी आहे, साल १८५७. ती ऐतिहासिक नव्हे, लेखकाच्या डोळ्यांदेखतच्या काळाची. पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले होते आणि पुस्तकाचा ओढा त्या धर्माकडे आहे, हे लपलेले नाही. यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतात. पुढे यमुनेवरच वैधव्य येते, ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. तो धर्म न स्वीकारलेल्या वाचकांनीही हे पुस्तक जपले. का? तर केशवपन, उपासमार, घरातला कोंडमारा, हे सगळे त्यात उघड मांडले होते. लेखकाला आपल्याला एका वाटेने न्यायचे असते. त्या वाटेने शेवटपर्यंत जायचे की नाही, ते आपल्या हाती. पण वाटेत त्याने जे दाखवले, ते पाहून न पाहिल्यासारखे करता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो खास गुरुजींसाठी व बाईंसाठी. हेस्टरच्या त्या मुलीचे नाव पर्ल, म्हणजे मोती. ती तीन वर्षांची असताना गावचे वडीलधारे ठरवू बघतात की, अशा आईजवळ हे मूल ठेवू नये. मग एक वृद्ध पाद्री त्या चिमुरडीची परीक्षा घेतो. तुला कोणी निर्माण केले? आईने उत्तर शिकवलेले असते, मुलीला ते येतही असते. पण भोवती परके, कठोर चेहरे बघून ती मुद्दाम भलतेच सांगते : मला कोणी निर्माण केले नाही, तुरुंगाच्या दाराशी गुलाबाचे झुडूप आहे, तिथून आईने मला खुडून आणले! वडीलधारे हादरतात. शिक्षकांना मात्र ही मुलगी ओळखीची वाटेल. उत्तर येत असून न देणारे मूल प्रत्येक वर्गात असते. बहुधा ते मागच्या बाकावर बसते आणि त्याच्या घराविषयी गावात कुजबुज असते.

वाळीत टाकणे हा शब्द आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पाणवठा बंद, लग्नकार्याला बोलावणे बंद, दुकानदाराने मीठ द्यायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. गावकीने, भावकीने, जातपंचायतीने किती संसार असे मोडले! महाराष्ट्राने याविरुद्ध वेगळा कायदा केला. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा हा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा हवाच होता. पण कायदा फिर्याद आल्यावर उभा राहतो. फिर्याद येण्याआधी, चार बायका एका बाईकडे बघून पदर तोंडाला लावतात, तेव्हा तिथे कायदा नसतो. तिथे गोष्ट पोचते. बॉस्टनच्या चौकातली हेस्टर बघितलेला वाचक आपल्या चौकात उभ्या केलेल्या बाईकडे दगडासारख्या डोळ्यांनी बघू शकणार नाही, असा माझा विश्वास आहे. आणि तिच्याबरोबरचा पुरुष कुठे आहे, हेही तो विचारल्यावाचून राहणार नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. एकाने कादंबरी वाचून यावी आणि गोष्ट मराठीत, आपल्या बोलीत सांगावी. गोष्ट संपली की तीन प्रश्न घ्यावेत. ही कोणी आणि किती वर्षांनी लिहिली? यातले घडलेले काय आणि रचलेले काय? पानाच्या कडेला कोण उभे होते आणि त्याला बोलू का दिले नाही? उत्तरे लगेच मिळतील असे नाही, वादही होतील. होऊ द्या. मग तेच तीन प्रश्न आपल्या आवडत्या मराठी ऐतिहासिक कादंबरीला लावून बघा. त्या संध्याकाळी वाद जरा मोठा होईल, पण खुर्च्या भरलेल्या असतील. आणि मागच्या बाकावरचे ते मूल आले असेल, तर पहिला प्रश्न त्याला विचारा. उत्तर नाही दिले तरी रागावू नका.